सर्दीचे आठ-दहा दिवस

जुलैतली संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबलाय आणि मेडिकलच्या काउंटरला ओल्या छत्र्या टेकवून चार-पाच जण उभे आहेत. एका बाईंच्या खांद्यावर तीनेक वर्षांची मुलगी डोकं टाकून पडलीय, नाकाखाली शेंबूड वाळून पांढरा झालेला. बाई सांगतात, "दादा, ह्यांना सर्दी झालीय, सर्दीची गोळी द्या. अंगात कणकणही आहे, तापाची वेगळी द्या. आणि हिला खोकल्याचं औषध, मागच्या वेळी दिलं होतं ना लाल, तेच." दोन पाकिटं आणि एक बाटली कागदी पिशवीत पडते, सुट्टे पैसे परत मिळतात, दोन मिनिटांत व्यवहार आटोपतो. यात कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी हलगर्जीही केली नाही. बाईंना घरची काळजी आहे, दुकानदाराच्या मागे रांग आहे. तरी ते दृश्य मनात सलत राहतं. काउंटरवर शेजारीशेजारी ठेवलेल्या त्या दोन पाकिटांच्या मागच्या बारीक अक्षरांत एकच नाव होतं, पॅरासिटामॉल, आणि ते कुणी वाचलंच नाही.

सर्दीची म्हणून जी गोळी मिळते ती सहसा तीन-चार औषधांची मिळून केलेली असते. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, बहुधा ५०० मिलिग्रॅम. शिंका आणि नाक गळणं थांबावं म्हणून क्लोरफेनिरामिन. नाक मोकळं व्हावं म्हणून फेनिलेफ्रिन. कधी वर थोडं कॅफिन. आता ही गोळी दिवसातून तीनदा घेतली, की १५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात गेलं. वेगळी आणलेली तापाची ६५०ची गोळी चारदा घेतली, की आणखी २६००. बेरीज ४१००. धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा आहे ४००० मिलिग्रॅम. ज्यांचं यकृत आधीच थकलेलं आहे, जे रोज दारू घेतात किंवा ज्यांचं वजन फार कमी आहे, त्यांची मर्यादा त्याहून बरीच खाली. म्हणजे सर्दीसारख्या साध्या दुखण्यात, कुणाचीही चूक नसताना, यकृताला धोका होईल इथवर माणूस सहज पोचतो. त्यातलं फेनिलेफ्रिन पोटातून घेतलं तर चोंदलेल्या नाकावर काम करतच नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र ते जपूनच घ्यायला हवं. क्लोरफेनिरामिनने झोप येते. ती गोळी खाऊन दुचाकीवर कामाला निघालेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

ताप असेल तर एक औषध, तेवढंच, आणि ते कोणतं हे पाकिटावर वाचून.

मुळात सर्दी ही आपल्या वेळापत्रकाने चालणारी गोष्ट आहे. दोनशेहून अधिक विषाणू ती आणू शकतात. त्यांत एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून एकदा होऊन गेली तरी ती पुन्हा होते आणि तिची लस निघालेली नाही. विषाणू आत शिरल्यावर एक ते तीन दिवसांत घसा खवखवायला लागतो, गिळताना टाळूच्या मागे काहीतरी खरखरतं. मग शिंका, मग नळ सोडल्यासारखं पातळ पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्याचा कळस होतो. डोकं जड, जिभेला चव नाही, फोडणीचा वास येत नाही, उशीवर डोकं टेकलं की नाक बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट होतो, पिवळा, मग हिरवट. इथे घरातली सगळी माणसं घाबरतात. "आता इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक लागणार." हिरवा रंग जंतूंचा नसतो. विषाणूशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त विकर असतं, तेच हिरवट असतं. पेशी जितक्या जास्त आल्या आणि शेंबूड जितका वेळ साचला तितका तो हिरवा, म्हणून सकाळी उठल्यावर सर्वांत गडद. नेमका याच दिवशी माणूस घरात पडलेली कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातली अँटिबायोटिकची गोळी काढून घेतो, दोन दिवसांत बरं वाटतं, आणि श्रेय गोळीला जातं. सहाव्या-सातव्या दिवशी बरं वाटणारच होतं. विषाणूवर त्या गोळीचा काडीचाही परिणाम होत नाही. पोट बिघडतं, आणि शरीरातल्या इतर जंतूंना त्या औषधाची सवय होते. पाकिटावरची ती उभी लाल रेघ याचसाठी असते की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध कुणी घेऊ नये.

"भिजलास ना, म्हणून झाली." हे वाक्य ऐकल्याशिवाय कुणाचं लहानपण सरत नाही. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ मध्ये फक्त सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघालं होतं. तिथे स्वयंसेवकांना ओले मोजे घालून गार वाऱ्यात उभं करून पाहिलं, पण नुसत्या गारठ्याने सर्दी आणता आली नाही. ती येते दुसऱ्याच्या नाकातून, शिंकेतून, हातातून. तरी आईचं बोलणं मला सरसकट खोडावंसं वाटत नाही. ऱ्हायनोव्हायरस नाकातल्या गारव्यात, ३३ अंशांच्या आसपास, जास्त जोमाने वाढतो. शिवाय पावसात सगळे दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत बसतात, बसमध्ये काचा चढवलेल्या असतात. डोकं कोरडं करायला काहीच हरकत नाही. फक्त त्यासोबत बाहेरून आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुणंही आलं, आणि घरात एकाला सर्दी असेल तर त्याचा पंचा वेगळा. दही, केळं, पेरू बंद करण्याला मात्र आधार नाही. ज्याच्या तोंडाला चव नाही त्याला ताटातलं चार गोष्टींनी आणखी गरीब करू नये.

चोंदलेल्या नाकाबद्दल एक गोष्ट कळली की पुष्कळ त्रास वाचतो. नाक बंद होतं ते शेंबडाने कमी, सुजेने जास्त. आतल्या मऊ पडद्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अरुंद होते. म्हणून जोर लावून कितीही शिंकरलं तरी बाहेर काही येत नाही, उलट कानात दडे बसतात आणि शेंबूड सायनसच्या पोकळ्यांत ढकलला जातो. एका बोटाने एक नाकपुडी दाबायची, दुसरी हळूच शिंकरायची, मग बाजू बदलायची. आडवं झालं की रक्त तिकडे जास्त जातं, म्हणून रात्री त्रास वाढतो. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं तर फरक पडतो. मोठ्यांना. तान्ह्या बाळाला उशी कधीच नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा मला घरच्या सगळ्या उपायांतला सर्वांत गुणी उपाय वाटतो. योगाच्या वर्गात जलनेती शिकलेल्यांना तो ठाऊक आहे. पण त्यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला मिठाचा. अर्धा लिटर पाण्याला मीठ साडेचार ग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरचा सपाट पाऊण चमचा. यापेक्षा कमी पडलं तरी झोंबतं आणि जास्त पडलं तरी झोंबतं. "मला नाही सहन होत" म्हणून नेती सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांचा चमचा शिगोशीग तरी असतो किंवा अर्धवट तरी. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आणखी सौम्य लागतं. दुसरा घोटाळा पाण्याचा, आणि तो जिवावरचा आहे. नळाचं, टाकीचं, विहिरीचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही. गोड्या कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पिण्यात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अशा मेंदूज्वराने माणसं गेली. पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, आणि त्याच दिवशी संपवायचं. पुढे वाकून, मान एका बाजूला कलती करून, तोंड उघडं ठेवून, वरच्या नाकपुडीतून ओतायचं, खालच्या नाकपुडीतून ते आपोआप बाहेर येतं. नंतर भांडं धुऊन उन्हात कोरडं करायचं.

नाकात टाकायचे झायलोमेटाझोलिनचे किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब हा त्याच्या अगदी उलटा अनुभव. दोन थेंब पडले की दहा मिनिटांत नाक उघडतं, इतका पटकन सुख देणारा उपाय दुसरा नाही. म्हणूनच तो धोक्याचा. फुगलेल्या रक्तवाहिन्या तो आवळून धरतो, आणि पकड सुटली की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. पुन्हा थेंब, पुन्हा सूज. असं पाच दिवसांपलीकडे गेलं की सर्दी निघून जाते आणि नाक थेंबांमुळेच बंद राहायला लागतं. उशीखाली बाटली ठेवून झोपणारी, बाटलीशिवाय प्रवासाला न निघणारी माणसं महिनोन्महिने अशीच राहतात. वापरायचे तर फक्त झोपण्यापूर्वी, तीन दिवस, फार तर पाच. बाटलीवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहून ठेवावी.

स्वयंपाकघरात आलं ठेचल्याचा आवाज आला, गवती चहाच्या पातीचा वास दरवळला, की निम्मी सर्दी तिथेच हलकी होते. हे नुसतं मायेपोटी म्हणत नाही. गरम पातेल्यातून येणारी वाफ, घोटाघोटाने घशातून उतरणारं गरम पाणी यांनी कफ सैल होतो, घशाला ओलावा मिळतो, आणि तापात अंगातून गेलेलं पाणी भरून निघतं. काढ्याचं खरं काम ते. मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. कोकणात कुळथाचं कढण, देशावर हुलग्याचं माडगं. जेवण नको वाटणाऱ्या माणसाच्या पोटात पाणी, मीठ आणि थोडी ताकद एकदमच जाते. इतकं नेमकं पथ्याचं खाणं कुणी कागदावर मांडून ठरवलं नव्हतं. बिघडतं ते जोर वाढवल्यावर. मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ सगळं मूठमूठ घालून अर्ध्यावर आटवलेला काढा दिवसातून चार वेळा पोटात गेला की आंबट ढेकर येतात, छातीत जळजळतं, आणि वर चढणाऱ्या आम्लाने घसा आणखी खवखवतो. मग तो खोकला सर्दीचा समजून आणखी काढा. दोन कप पाण्याला बोटाच्या पेराएवढं आलं, चार-पाच तुळशीची पानं, दोन-तीन मिरे पुरेत. ज्येष्ठमध घशाला फार छान लागतं, पण ते रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी ते काढ्यातून वगळलेलं बरं. गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. खोकल्यासाठी झोपताना चमचाभर मध, नुसता किंवा आल्याच्या रसाबरोबर. रात्रीचा खोकला त्याने खरंच कमी होतो. मात्र एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही. मधातल्या बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू त्या कोवळ्या आतड्यात रुजतात आणि बाळ लुळं पडतं.

वाफाऱ्याबद्दल मन दोन्हीकडे ओढतं. चादरीच्या त्या काळोख्या, दमट तंबूत बसून नाकातून पाणी वाहू लागतं तेव्हा जी सुटका वाटते ती खोटी नाही. पण वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही, आणि भाजण्याचे अपघात खरे आहेत. पातेलं मांडीवर किंवा गादीवर ठेवलेलं असतं, चादरीचा कोपरा ओढला जातो, उकळतं पाणी पोटावर आणि मांड्यांवर सांडतं. मोठ्यांनी घ्यायचाच तर पातेलं पसरट बुडाचं हवं, भक्कम टेबलावर, गॅसवरून उतरवून दोन-तीन मिनिटं थांबून, डोळे मिटून, तोंड हातभर लांब ठेवून, पाच-सात मिनिटं. पाण्यात काही घालायची गरज नाही. लहान मुलांना वाफारा देऊच नये. बामने गार वाटतं ते मेंथॉलमुळे. ते नाक उघडत नाही, नाकातल्या गारव्याच्या जाणिवेला जागं करतं, आणि वाटतं की हवा येतेय. छातीला चोळायला हरकत नाही. नाकपुडीत भरायचा नाही, दोन वर्षांखालच्या मुलांना लावायचा नाही. कापराचंही तेच. बाळाच्या झबल्याला कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत अजून आहे, आणि तो तुकडा बाळाच्या तोंडात गेला तर झटके येऊ शकतात.

तान्ह्या बाळाची सर्दी हे वेगळंच प्रकरण. ते बहुतेक श्वास नाकानेच घेतं, त्यामुळे नाक चोंदलं की त्याला पिताच येत नाही. दोन घोट घेतं, सोडतं, रडतं, पुन्हा धरतं. दुकानात मिळणारे सलाइनचे, नुसत्या मीठ-पाण्याचे, थेंब पाजण्याआधी पाच-दहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत दोन टाकले की ते शांतपणे पितं. न्हाऊ-माखू घालताना नाकात तेल सोडण्याची रीत मात्र थांबवायला हवी. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं, तिथून ते खोकून निघत नाही, आणि त्याचा न्यूमोनिया होतो. मायेने केलेल्या गोष्टीने हे घडतं, म्हणूनच ते आजीला सांगणं अवघड जातं. पण सांगावं.

मुलांचं पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर ठरतं. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आता बाटल्या पाहा. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेलं औषध असेल तर ते ६ मिलिलिटर होतं. ५ मिलिलिटरमध्ये २५० असलेलं असेल तर ३. थेंबांची छोटी बाटली, जिच्यात एका मिलिलिटरमध्येच १०० असतात, ती असेल तर फक्त दीड. जुनी बाटली संपते, नवी जास्त ताकदीची येते, आणि सवयीने तेवढंच टोपण भरलं जातं. दुप्पट डोस असा जातो. थेंबांच्या बाबतीत चौपट. घरातला चमचा वापरायचा नाही, बाटलीबरोबर आलेलं मापच. तापात आयब्युप्रोफेन पावसाळ्यात घरच्या घरी नको, कारण डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

आणि ते लाल औषध. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. हे द्रव्य महाराष्ट्राला नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमधून त्यानेच चौदा माणसं मारली होती. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा नाहीत. चांगल्या कंपनीची शुद्ध बाटली असली तरी या वयात त्यांचा फायदा दिसत नाही, गुंगी आणि छातीची धडधड मात्र होते.

औषधाचं काम इतकं थोडं असताना घरच्यांनी करायचं काय? माझ्या मते पाहायचं. सर्दी झालेल्या मुलाचा श्वास मोजणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा मोलाचं आहे. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातला शर्ट वर करायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये, बाळं मध्येच श्वास थांबवतात आणि हिशेब चुकतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका. आकडा कमी असला तरी बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र काढायची नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असला तर बाकी काही न बघता दवाखाना. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या सुइणींना हेच शिकवलं. त्यांच्या हातात मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी दिले, दर दहा श्वासांना एक मणी. गावातल्या गावात न्यूमोनिया ओळखून औषध सुरू झालं आणि तिथले बालमृत्यू घटले, हे १९९० मध्ये जगासमोर मांडलं गेलं. खेड्यातल्या सुईणीला जे जमलं ते हातात मोबाइल असलेल्या कुठल्याही आईबापाला जमेल.

मोठ्यांच्या बाबतीत, सर्दी नसलेलं दुखणं ओळखायचं असतं. एकाएकी १०२-१०३ ताप, अंग मोडून निघालेलं, आणि नाक मात्र कोरडं, असं पावसाळ्यात झालं की तो डेंग्यू, मलेरिया, किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला लेप्टोस्पायरोसिसचा ताप असू शकतो. खोकला-घशासकट तसाच ताप असेल तर फ्लू. पुण्याने तो २००९च्या ऑगस्टमध्ये फार जवळून पाहिला, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू तिथलाच. गर्भवती, साठीपुढचे, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी फ्लूत पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टर गाठावा, त्यावरच्या औषधाचा उपयोग तेव्हाच जास्त. सर्दी पाचव्या दिवशी उतरून सातव्या दिवशी पुन्हा ताप आणि एका गालात ठणका घेऊन परतली, किंवा दहा दिवसांनंतरही तशीच राहिली, तर सायनसमध्ये जंतू शिरल्याची शक्यता असते. अँटिबायोटिकचा विचार तिथे होतो, डॉक्टरांकडून.

खोकला मात्र सगळ्यांत शेवटी जातो. नाक मोकळं होतं, चव परत येते, कामं सुरू होतात, आणि रात्री दिवा मालवला की घशात गुदगुली सुटून उबळ येते. सुजलेली श्वासनळी भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज थोडा कमी होत असेल तर मध, गरम पाणी आणि धीर, एवढंच. पण दोन आठवडे झाले आणि खोकला हटत नाही, वजन उतरतंय, संध्याकाळी अंग तापतंय, रात्री घाम येतोय, तर थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि निदान झालं तर औषधंही मोफत मिळतात.